मोगल बादशहांची जुनी कोरीव छापचित्रं: ओळखायची, तपासायची आणि जपायची कशी

मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार किंवा ऑनलाइन लिलाव, कुठेही एखादं काळं-पांढरं चित्र पुढे येतं आणि विक्रेता सांगतो, ‘औरंगजेब आहे, अस्सल, तीनशे वर्षांपूर्वीचं.’ खाली फ्रेंच किंवा डच अक्षरांत नावही छापलेलं असतं. आपण लगेच चेहऱ्याकडे बघतो, दाढी बघतो, पगडी बघतो, आणि मान डोलावतो.

हा क्रम उलटा करा. कागद, मग छपाई, मग खालचा मजकूर, मग हे चित्र कोणत्या चित्रावरून उतरवलं असेल त्याचा शोध, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात छापलेल्या मोगल घराण्याच्या चित्रांमध्ये चेहरा हा सर्वांत कच्चा पुरावा असतो. कागद आणि प्लेट मात्र सहसा खोटं बोलत नाहीत.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही

मोगल दरबारातल्या चित्रकारांनी बादशहांना समोर बसवून चित्रं काढली, पण ती कागदावर रंगाने काढलेली लघुचित्रं होती. तांब्याच्या प्लेटवर कोरून छापण्याचा उद्योग दरबारात नव्हता. म्हणजे जुनं छापील ‘मोगल व्यक्तिचित्र’ जवळजवळ नेहमी अॅमस्टरडॅम, पॅरिस, लंडन अशा ठिकाणी तयार झालेलं असतं. ते कोरणाऱ्याने बादशहा तर सोडाच, बहुधा सुरतेचं बंदरही पाहिलेलं नसायचं. त्याच्यासमोर असायचं एखादं लघुचित्र, लघुचित्राची नक्कल, किंवा आधीच्या पुस्तकातलं छापचित्र.

ही लघुचित्रं युरोपात गेली ती मुख्यतः व्यापाऱ्यांबरोबर. गोवळकोंड्यात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजेरजवाड्यांच्या चित्रांचे संचच्या संच तयार होत. त्यांत तैमूरपासूनचे मोगल, दख्खनचे सुलतान, त्यांचे सरदार असे सगळे एका मापात, एका धाटणीत काढलेले असत, आणि युरोपीय लोक ते विकत घेत. अॅमस्टरडॅमचा महापौर निकोलास विट्सेन याच्याकडे असाच एक संच होता. तो आज तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे आणि त्यात शिवाजी महाराजांचंही चित्र आहे. महाराज 1677 साली कुतुबशहाच्या भेटीला गोवळकोंड्यात गेले होते, हे लक्षात घेतलं की या संचात त्यांचं चित्र असण्याचं नवल वाटत नाही. इटालियन प्रवासी निकोलाओ मनुची यानेही मीर मुहम्मद नावाच्या चित्रकाराकडून एक मोठा संच करवून घेतला होता. तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

या संचांवरून आणि तसल्याच चित्रांवरून पुस्तकांच्या प्लेट कोरल्या गेल्या. तुमच्या हाती येणारं सुटं पान बहुतेक वेळा अशाच एखाद्या पुस्तकातून कापलेलं असतं. पाच पुस्तकं मुद्दाम लक्षात ठेवा. ओल्फर्ट डॅपरचं आशियाविषयीचं डच पुस्तक, 1672. हा माणूस स्वतः हिंदुस्थानात कधी आलाच नाही. लगेच 1673 साली लंडनच्या जॉन ऑगिल्बीने त्याच मजकुराच्या आधारे इंग्रजी ‘आशिया’ काढलं. फ्रान्स्वा व्हॅलेंटाइनचा पाच भागांचा डच ग्रंथ 1724 ते 1726 दरम्यान आला. त्यात मोगल बादशहांची चरित्रं आणि व्यक्तिचित्रं आहेत, शिवाजी महाराजांचंही आहे. लायडनचा प्रकाशक पीटर व्हान डर आ याने 1729 च्या सुमारास जुन्या प्लेट गोळा करून प्रचंड चित्रसंग्रह काढला. आणि रॉबर्ट ऑर्मचं मोगल साम्राज्यावरचं पुस्तक, 1782.

व्हान डर आसारख्या प्रकाशकामुळे एक गुंता होतो. तांब्याची प्लेट विकता येते. एका छापखान्यातून दुसऱ्याकडे गेलेली प्लेट पन्नास वर्षांनी पुन्हा छापली जाते, कधी खालचं नाव खोडून दुसरं घालून. त्यामुळे ‘चित्र कोरलं कधी’ आणि ‘हा कागद छापला कधी’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वहीत दोन्हींची उत्तरं वेगळी लिहा.

पहिली पायरी: साहित्य आणि जागा

सोनार वापरतात तसं दहापट भिंग, एक साधी टॉर्च, मिलिमीटरची पट्टी, नोटा तपासायची जांभळ्या प्रकाशाची छोटी टॉर्च, पांढरा कोरा कागद आणि पेन्सिल. पेन जवळपासही नको. हात धुऊन पूर्ण कोरडे करा; हातमोज्यांची गरज नाही, उलट मोज्यांत कागदाची कड कळत नाही आणि ती फाटते.

चित्र चौकटीत असेल तर उघडण्याआधी पुढून-मागून फोटो काढा. मागच्या पुठ्ठ्यावर फ्रेमवाल्याचं लेबल किंवा जुन्या मालकाच्या हातची नोंद असू शकते. तो पुठ्ठा फेकून दिला की चित्राचा अर्धा इतिहास कचऱ्यात गेला.

दुसरी पायरी: कागद

कागद उजेडासमोर धरा. समांतर बारीक रेघांचं जाळं आणि त्यांना काटकोनात साधारण अडीच सेंटिमीटर अंतराने जाणाऱ्या ठळक रेघा दिसल्या, तर तो तारांच्या चाळणीवर हाताने केलेला जुना कागद. रेघाच नाहीत, पोत एकसारखा आहे, तर तो विणलेल्या जाळीवरचा. असा गुळगुळीत कागद इंग्लंडमध्ये जेम्स व्हॉटमनने बनवला, 1757 साली तो प्रथम एका छापील पुस्तकात वापरला गेला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस तो सर्रास झाला. म्हणून रेघा नसलेल्या कागदावर ‘1672 चं डॅपर’ कोणी विकत असेल, तर फार तर प्लेट जुनी असेल, कागद नाही. बहुधा दोन्ही नसतील.

रेघा असल्या म्हणजे चित्र जुनंच, असंही नाही. असा कागद आजही मुद्दाम केला जातो. जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, दिसलं तर त्याचा फोटो मागून उजेड देऊन काढा.

जांभळी टॉर्च अंधारात मारा. कागद निळसर-पांढरा झळकला तर त्यात शुभ्रता वाढवणारी रसायनं आहेत, आणि ती विसाव्या शतकाच्या मध्यानंतरची. अर्ध्या मिनिटाची ही चाचणी बाजारातल्या निम्म्या वादांचा निकाल लावते, त्यामुळे काही विक्रेत्यांना ती आवडत नाही. पिवळटपणावर मात्र जाऊ नका. चहाच्या पाण्याने कागद म्हातारा करणं हा जुना धंदा आहे.

तिसरी पायरी: छपाई कशी झाली

इथे वेळ द्या. भिंग लावून दाढी, पगडीच्या घड्या आणि चेहऱ्याची सावली पाहा.

रेघ मध्ये जाड आणि टोकाला सुईसारखी निमुळती होत असेल, तर ती तांब्यात हत्याराने कोरलेली. खरं एन्ग्रेव्हिंग ते हेच. रेघेची जाडी शेवटपर्यंत सारखी, टोक बोथट आणि वळण हाताने सहज काढल्यासारखं असेल, तर ते आम्लाने खोदलेलं एचिंग. दोन्ही एकाच प्लेटवर असणं नेहमीचं आहे: कपडे आणि पार्श्वभूमी एचिंगने, चेहरा हत्याराने. रेघाच नाहीत, नुसत्या ठिपक्यांनी सावली भरली आहे, तर ते स्टिपल. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये त्याची फॅशन होती. मखमलीसारखा काळा, त्यातून उजळ भाग वर आलेला, तो मेझोटिंट. खडूने घासल्यासारखा दाणेदार पोत आणि दबलेली कड नाही, तर तो शिळाछाप, म्हणजे एकोणिसावं शतक.

दबलेली कड म्हणजे प्लेटची खूण. तांब्याची किंवा पोलादाची प्लेट ओल्या कागदावर प्रचंड दाबाने फिरते, त्यामुळे प्लेटच्या आकाराचा खोलगट चौकोन कागदावर उमटतो. टॉर्च बाजूने तिरपी धरा, तो लगेच दिसतो. शाईही कागदावर किंचित उठलेली असते. ही खूण कापून टाकलेली असेल तर किंमत बरीच उतरते, आणि ओळख पटवणंही अवघड होतं, कारण पुढे मापं जुळवायला हीच कड लागते.

नियमित जाळीत बसवलेले ठिपके दिसले तर ते हाफटोन, म्हणजे फोटोवरून केलेलं पुनर्मुद्रण. निळा, गुलाबी, पिवळा, काळा असे ठिपके फुलासारखे जमलेले दिसले तर ऑफसेट. गप्पा इथेच थांबवा.

1857 च्या उठावाच्या सुमारास इंग्रजी सचित्र साप्ताहिकांत आलेली दिल्लीची चित्रं लाकडावर कोरलेली असत. लाकडाचा ठोकळा अक्षरांच्या खिळ्यांबरोबरच छापता येतो, त्यामुळे त्याला दबलेली कड नसते आणि मागच्या बाजूला बातमीचा मजकूर सापडतो. ते पान खोटं आहे असं समजून परत करू नका.

चौथी पायरी: खालचा मजकूर

चित्राखाली अगदी बारीक अक्षरांत लॅटिन संक्षेप असतात. डावीकडे ‘पिंक्स.’ असेल तर ते मूळ रंगचित्र काढणाऱ्याचं नाव, ‘डेल.’ असेल तर रेखाटन करणाऱ्याचं. उजवीकडे ‘स्कल्प.’ किंवा ‘एस्सी.’ म्हणजे कोरणारा. ‘फेक.’ म्हणजे केलं, ‘एक्सकुड.’ म्हणजे प्रकाशक. मोगल चित्रांत डावीकडची जागा बहुतेकदा रिकामीच असते. मूळ हिंदुस्थानी चित्रकाराचं नाव कोरणाऱ्याला ठाऊक नसायचं, आणि असतं तरी त्याने घातलं असतं का याची मला शंका आहे.

इंग्लंडमध्ये 1735 च्या कायद्याने कोरीव चित्रांना स्वामित्वहक्क मिळाला, पण त्यासाठी प्रकाशनाची तारीख आणि मालकाचं नाव प्लेटवर घालणं आवश्यक होतं. म्हणून इंग्रजी छापचित्राच्या अगदी तळाशी ‘कायद्यानुसार प्रकाशित’ अशा अर्थाची ओळ आणि तारीख शोधा. ती सापडली तर अर्धं काम झालं. डच-फ्रेंच चित्रांत अशी ओळ नसते. तिथे वरच्या कोपऱ्यातला भाग-पृष्ठाचा आकडा कामाला येतो. पुस्तक बांधणाऱ्याला पान कुठे घालायचं ते कळावं म्हणून तो घातलेला असे. त्याच आकड्यावरून पुस्तक शोधता येतं.

नावांची रूपं वाचायची सवय लावून घ्या. ‘एकबर’, ‘जहान गीर’, ‘शा जहान’, ‘ओरंगजेब’ ही ओळखता येतात. ‘सेवागी’ किंवा ‘सेवा-जी’ म्हणजे शिवाजी महाराज. दख्खनच्या सुलतानांची नावं गोव्याच्या पोर्तुगीजांकडून युरोपभर गेली, त्यामुळे ती जास्त चकवतात: ‘इदालकान’ म्हणजे विजापूरचा आदिलशहा, ‘निझामालुको’ अहमदनगरचा निजामशहा, ‘कोटामालुको’ गोवळकोंड्याचा कुतुबशहा. ही व्यक्तींची नव्हे, पदाची नावं म्हणून वापरली जात. ‘इदालकान’ एवढंच लिहिलं असेल तर तो कोणता आदिलशहा हे मजकुरावरून ठरत नाही.

पाचवी पायरी: चित्र उलटं आहे का?

कोरणाऱ्याने मूळ चित्र जसंच्या तसं प्लेटवर उतरवलं, तर छापताना ते आरशातल्यासारखं उलटतं. काळजी घेणारे कारागीर आधी उलटं रेखाटन करून घेत. पुस्तकाची घाई असली की कोणी एवढे कष्ट घेत नसे.

मोगल चित्रांत ही उलटापालट पकडायला एक फार सोयीची गोष्ट आहे: जामा, म्हणजे बाजूला बंदांनी बांधायचा अंगरखा. मुसलमान जामा उजव्या काखेखाली बांधत, हिंदू डाव्या. औरंगजेबाच्या जाम्याचे बंद डावीकडे दिसले तर त्याने रिवाज मोडला असं समजू नका. प्लेट उलटली आहे. तलवार पाहा, ती डाव्या कमरेला हवी. फारसी अक्षरं असतील तर ती उलटी आहेत का पाहा.

यातून नकलांची पिढीही कळते. लघुचित्रावरून थेट केलेली प्लेट उलटी छापली जाते. त्या छापावरून दुसऱ्याने प्लेट केली की चित्र पुन्हा सुलटं होतं. एकच बसलेला बादशहा एका पुस्तकात डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे बघत असेल, तर एकाची नक्कल दुसऱ्यावरून झाली असण्याची शक्यता मोठी. कोणती आधीची, हे कागद आणि मजकूर सांगतील.

सहावी पायरी: मूळ शोधा

राइक्सम्युझियम, ब्रिटिश म्युझियम आणि पॅरिसचं राष्ट्रीय ग्रंथालय यांचे संग्रह ऑनलाइन पाहता येतात. जुन्या पुस्तकांच्या स्कॅन प्रतीही मिळतात. आपल्या चित्राच्या दबलेल्या कडेची उंची-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा आणि संग्रहालयाच्या नोंदीशी ताडून पाहा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो, कारण ओला कागद वाळताना आकसतो. त्याहून जास्त असेल तर प्लेट वेगळी. मग पगडीवरच्या तुऱ्याच्या रेघा मोजून जुळवा. नक्कल करणारा रेघांची संख्या कधीच तंतोतंत राखत नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाऊन खरी लघुचित्रं डोळ्यांखालून घातलीत, तर कोरणाऱ्याने काय गमावलं ते एका फेरीत कळतं.

आता चेहरा

लघुचित्रांच्या परंपरेत प्रत्येक बादशहाची ठरलेली लक्षणं आहेत. बाबर आणि हुमायून दाढीवाले. हुमायूनची पगडी उंच टोकदार टोपीभोवती गुंडाळलेली. अकबराला मिशा, दाढी नाही. जहांगीरला मिशा आणि लांब कल्ले. 1614 साली आजारातून उठल्यावर अजमेरच्या ख्वाजांवरच्या श्रद्धेने त्याने कान टोचून घेतले, म्हणून त्यानंतरच्या चित्रांत कानात मोती दिसतो. शाहजहानची दाढी कातरलेली, आधी काळी, पुढे पांढरी. उतारवयातला औरंगजेब पांढऱ्या दाढीचा, वाकलेला, साध्या कपड्यांत, बहुधा हातात कुराण.

युरोपीय कोरणाऱ्याच्या हाती यातलं काय उरतं? पगडी तुर्की सुलतानाची होते, नाक रोमन होतं, अकबराला दाढी फुटते. पण डोक्यामागचं तेजोवलय बहुधा टिकतं, आणि त्याची गंमत आहे. गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री 1580 साली फत्तेपूर सिक्रीला पोचले, तेव्हा त्यांनी अकबराला अँटवर्पला छापलेलं बहुभाषी बायबल दिलं. त्यातली आणि तसलीच इतर कोरीव चित्रं मोगल चित्रकारांनी बारकाईने अभ्यासली, आणि पुढे जहांगीरच्या काळात बादशहाच्या डोक्यामागे वलय आलं. शंभर वर्षांनी डच कोरणाऱ्याने ते ‘पौर्वात्य’ समजून परत तांब्यावर उतरवलं.

नूरजहान आणि मुमताज महल यांच्या छापचित्रांबद्दल सरळ सांगतो: ती कल्पनाचित्रं समजा. पडद्यातल्या स्त्रियांना समोर बसवून चित्र काढण्याची सोय बाहेरच्या चित्रकाराला नव्हती. एकोणिसाव्या शतकात दिल्लीचे चित्रकार हस्तिदंतावर बादशहा-बेगमांचे लंबगोल संच करून साहेब लोकांना विकत; पुस्तकांत दिसणाऱ्या पुष्कळ ‘बेगमा’ तिथून आल्या आहेत. याच्या दुसऱ्या टोकाला बहादूरशाह जफर. 1858 साली कैदेत असताना त्याचा फोटो काढला गेला, त्यामुळे त्याच्या छापचित्राचा चेहरा तरी कॅमेऱ्याशी ताडून पाहता येतो.

चुकीच्या नावाने चित्र किती दूर जाऊ शकतं याचं आपल्याकडचं उदाहरण प्रसिद्ध आहे. इब्राहीम खान नावाच्या सरदाराचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी 1933 साली महाराजांचं अस्सल चित्र पुढे आणलं, तेव्हा ती चूक दुरुस्त झाली. मोगल घराण्याच्या चित्रांतली अशी किती नावं अजून अदलाबदल झालेली आहेत, हे तपासायला भरपूर जागा आहे.

रंग दिसला तर

अठराव्या शतकापर्यंतची ही पानं बहुधा काळ्या शाईतच विकली गेली. रंग असेल तर पान उलटून पाहा. जुना तांबेयुक्त हिरवा कागदात मुरून मागे तपकिरी डाग पाडतो. मागे काहीच उमटलेलं नसेल आणि रंग ताजे, गोडसर असतील, तर ते हल्लीचं काम. ते गुन्हा नाही, पण त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

जपणूक

लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका. आम्लविरहित पुठ्ठ्याचा माउंट करून घ्या आणि काच कागदाला टेकणार नाही एवढी फट ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगलेल्या चित्राला आतून बुरशी धरते. जून ते सप्टेंबर आतल्या भिंतीवर घ्या किंवा सपाट ठेवा. कसर लागली असेल तर डांबराच्या गोळ्या चित्राला टेकवून ठेवण्यापेक्षा कपाट रिकामं करून साफ करणं बरं. थेट ऊन नको. डाग धुण्याचा प्रयोग घरी अजिबात नको.

नोंद आणि ओळ

वहीत दबलेल्या कडेचं माप, कागदाचा प्रकार, जलचिन्ह, छपाईची पद्धत, खालचा मजकूर मूळ स्पेलिंगसह ओळीनुसार, चित्राची दिशा, आणि कुठून-केव्हा घेतलं ते लिहा. स्थानिक इतिहासाच्या लेखात किंवा स्मरणिकेत चित्र छापताना खाली नुसतं ‘बादशहा औरंगजेब’ लिहिण्याऐवजी असं लिहा: ‘खालील मजकुरानुसार औरंगजेब. डच ताम्रपट छापचित्र, व्हॅलेंटाइनच्या ग्रंथातील, 1724–26. मूळ लघुचित्र अज्ञात.’

स्वामित्वहक्काची मुदत या मूळ चित्रांबाबत कधीच संपली आहे, पण संग्रहालयाने काढलेला फोटो वापरताना त्यांची अट वाचा. राइक्सम्युझियम अशी जुनी चित्रं मोकळी देतं. ब्रिटिश म्युझियमची सवलत बिगर-व्यावसायिक वापरापुरती आहे. आणि शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून पाठवायचा विचार असेल, तर आधी पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे चौकशी करा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला अशी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि चित्र मुळात युरोपातून आलं होतं एवढं सांगून कस्टममध्ये सुटका होईल असं गृहीत धरू नका.